तापल्या हवेतली धूळ

विभागात तिला सगळे 'भोवरा' म्हणायचे. ती होती संशोधक विद्यार्थिनी, आणि दिवसभर एका उभ्या, खाली निमुळत्या होत गेलेल्या पोलादी नळकांड्याला चिकटून बसलेली असायची. वरच्या पंख्याच्या ओढीनं धुळकट हवा त्यात शिरायची आणि गरगर फिरायची. धूळ भिंतीवर आपटून खालच्या डब्यात पडायची, स्वच्छ झालेली हवा मधून वर निघून जायची. कारखान्यांत असली यंत्रं ढिगानं असतात, पण तपासलेली असतात ती थंड हवेवर. हवा तापली की धूळ किती पकडली जाते, भिंतीतून उष्णता किती निसटते, हे तिला मोजायचं होतं.

हा विषय तिला घरातच सापडला होता. दादा चिनीमातीची भुकटी वाळवण्याच्या कारखान्यात कामाला होता. एकदा त्याचा सदरा झटकताना वहिनी वैतागून म्हणाली, "यंत्र म्हणे सगळी धूळ धरतं. मग ही काय मी घरी दळते?"

आकडे वहिनीच्या बाजूनं निघाले. हवा तापवली की ती चिवट व्हायची आणि बारीक कणांना सोडायला तयार नसायची, सोबत घेऊन बाहेर पडायची. पंचाईत अशी की तिच्या मार्गदर्शक सरांचं सूत्र बरोबर उलट सांगत होतं. तापमानानं नाव घेण्यासारखा फरक पडत नाही, असं. आणि ते सूत्र पाठ्यपुस्तकांत जाऊन बसलं होतं.

"कुठंतरी गळतंय," सर म्हणाले. "इतका फरक पडूच शकत नाही."

तिनं यंत्र पार सुटं केलं, पुसलं, जोडलं, एकेक सांधा तपासला. आकडे हलले नाहीत. सर पण हलले नाहीत.

घरी दादानं समजूत काढली. "कशाला वाकड्यात शिरतेस? पदवी पदरात पाडून घे. मला काय, सवय झालीये धुळीची."

ते शेवटचं वाक्य तिला फार लागलं. दुसऱ्या दिवशी सरांच्या खोलीत तिच्या तोंडून निघून गेलं, "सर, मला चूक ठरवायचं असेल तर यंत्रापाशी येऊन ठरवा."

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "येतो," एवढंच म्हणाले.

आणि खरंच आले, बाह्या दुमडून. पंखा चालू करून कागदाची एक पातळ पट्टी प्रत्येक सांध्याजवळ धरत गेले. पट्टी ढिम्म हलेना. मग त्यांनी हवा तापवायला लावली. सगळं चांगलं तापल्यावर धुळीच्या डब्यापाशी पट्टी धरली, तशी ती सुळकन सांध्याला जाऊन चिकटली.

"ही बघ!" सर जवळजवळ ओरडलेच. तापल्यावर तिथलं रबर सैल पडत होतं. बाहेरची हवा आत ओढली जात होती आणि खाली बसलेली धूळ पुन्हा वर उडवत होती.

कित्येक महिन्यांची मेहनत मातीत गेली होती.

"मी सांधे तपासले होते, सर. पण यंत्र बंद, थंड असताना."

"तिथंच चुकलीस. थंड असताना तपासायचं आणि गरमलाही तेच लागू म्हणून निर्धास्त..." सर मध्येच थांबले. स्वतःचंच वाक्य ऐकल्यासारखे क्षणभर जमिनीकडे बघत राहिले. त्यांचं सूत्रही थंड हवेवरच बेतलेलं होतं.

"उष्णता सोसणारं रबर आण," ते हळू आवाजात म्हणाले. "आधीचे सगळे आकडे बाद. पहिल्यापासून करू."

डोळ्यांत आलेलं पाणी तिनं तसंच गिळलं आणि पाना उचलला.

नव्या रबरानंतर फरक निम्म्यावर आला. पण गेला मात्र नाही. सरांनी पंख्याचा वेग बदलून पाहिला, बारीक भुकटी घालून पाहिली, वजनकाटासुद्धा दुसरा मागवला. फरक आपला जागच्या जागी.

"लिही," शेवटी ते म्हणाले. "माझं सूत्र गरम हवेला चालत नाही."

"आणि माझे आधीचे आकडे गळतीमुळे फुगले होते, तेही लिहिते."

"ते तर लिहायचंच. सुटका नाही."

प्रबंध लांबला. पण तो हातावेगळा होताच दादाच्या कारखान्यात जायची परवानगी तिनं पाठपुरावा करकरून मिळवली. सरही बरोबर निघाले. तिथला अभियंता त्यांना ओळखत होता; अदबीनं त्यांच्याशीच बोलू लागला. "आमच्या यंत्राला हमी आहे, सर."

सरांनी नुसता तिच्याकडे हात केला.

"हमी थंड हवेची आहे," ती म्हणाली. "तुमची भट्टी चालू असताना मोजू द्या. आकडे तुमच्या बाजूनं निघाले तर तसंच लेखी देईन."

अभियंत्यानं जरा आढेवेढे घेतले, मग यंत्रावर जाणाऱ्या शिडीच्या दाराची किल्ली पुढं केली. तिनं उपकरणाची पिशवी खांद्याला लावली आणि पाठोपाठ येणाऱ्या सरांना सांगितलं, "सर, कठडा तापलाय. हातमोजे घाला." आणि ती चढायला लागली.