शेवंतीची आंघोळ

आमची शेवंती पोटाला कुणाचा हात लागू देत नाही, लाथच मारते. माझा हात तेवढा चालतो, तोही मानेपर्यंतच. म्हणून घोडी गाभण आहे का बघायला डॉक्टर मृणाल अंगाची उष्णता दाखवणारा कॅमेरा आणणार होत्या. लांबूनच बघायचं. पोटात पिल्लू असेल तर कूस पिवळी दिसते, नाहीतर निळी. गाभण ठरली तर टांग्याला जुंपायची नाही, एवढं माझ्या नवऱ्याने, हितेशने, मला कबूल केलं होतं.

डॉक्टर यायच्या म्हणून त्याने सकाळीच तिला आंघोळ घातली. पाहुणे येणार म्हणून आपण अंगण सारवतो, तसंच. काठीला गोणपाट बांधून, लांबूनच पुसपुसून चकचकीत केली.

"भिजलेली नाही ना? ओल्या अंगाची ऊब कॅमेऱ्यात दिसत नाही."

"न्हाय ओ डॉक्टर, कोरडी ठाक हाय."

वरून होती. थंडीतले दाट केस, मुळाशी ओल तशीच. कूस निळी आली.

"आज तरी काही दिसत नाही. पंधरा दिवसांनी परत बघू, तोवर जपा."

हितेशने पहिलं वाक्य तेवढं धरलं आणि तिला जुंपायचं ठरवलं.

"अरे, पण बसताना ती एक कूस सांभाळते," मी म्हटलं.

सासूबाई खो खो हसल्या. "एक पोर काय झाला, घोड्यांची पन सुईन झाली ही!"

नाताळात किहीमच्या किनाऱ्यावर ही गर्दी. ओल्या वाळूत चाकं रुतायची, टांग्यात सहा-सहा माणसं. तिसऱ्या दिवशी शेवंती भर उन्हात गुडघ्यांवर आली. कशीबशी घरी आणली, आणि पिल्लू पडलं. अंगावर केस नव्हते अजून. खूर मात्र होते, माझ्या बाळाच्या कानाच्या पाळीसारखे मऊ.

डॉक्टर धावत आल्या. ओल्या केसांचं आता त्यांच्या लक्षात आलं असावं. "त्या दिवशी धुतली होतीत?"

"तुम्ही येनार म्हनून…" हितेश म्हणाला.

घोडीला ताप आहे का बघायला त्यांनी कॅमेरा धरला. बाळाला खांद्यावर घेऊन मीही डोकावले. शेवंती पिवळी. तिच्या पुढ्यात पिल्लू, निळं. ती त्याला चाटत होती, आणि जीभ फिरेल तिथे पिवळा पट्टा उमटत होता.

"डॉक्टर! रंग आला बघा! जीव हाय त्याच्यात!" हितेश पडद्याकडे वाकला.

"ती तिच्या जिभेची ऊब आहे, हितेशभाऊ."

पट्टा बघता बघता विझला. शेवंतीने पुन्हा चाटलं. हितेश पुन्हा पडद्याकडे वाकला.