अमरदीपची चौकशी

माझ्या भावाला, अमरदीपला, हैदराबादेत संरक्षण खात्याच्या एका कारखान्यात नोकरी लागली. विभाग गोपनीय, त्यामुळे गावात चौकशी झाल्याशिवाय रुजू करून घेणार नव्हते. वडील गेल्यावर तो दोनेक वर्षं दारूत बुडाला होता. मग उदगीरला उपचार घेतले आणि सोडली ती सोडलीच. हे सगळं त्यानं अर्जात खरंखरं लिहिलं, आम्हाला तेवढं सांगायचं राहून गेलं. आमच्या घरात महत्त्वाच्या गोष्टी अशाच राहून जातात.

चौकशीचे साहेब आमच्या गावी, बिदरकडच्या मेहकरला आले, तोवर आईनं अख्खी गल्ली पढवून ठेवली होती. मी चहा ठेवला. साहेबांनी दारूचं विचारलं.

"न्हाई साहेब," आई म्हणाली. "माझ्या लेकरानं थेंबाला हात लावला न्हाई कधी."

शेजारच्या ज्ञानोबाकाकांनी तर त्याला कितीदा तरी खांद्यावर टाकून घरी आणलेलं. तेही म्हणाले, "सुपारीचं खांडसुदिक खात न्हाई पोरगं."

"त्यानं स्वतः लिहून दिलंय," साहेब शांतपणे म्हणाले. "उपचाराचे कागदही जोडलेत. सोडली असेल तर आमची हरकत नव्हती."

"चुकून लिवलं असंल," आई म्हणाली.

"उद्या त्यानं पुन्हा सुरू केली, तर तुमच्यातलं कोण आम्हाला कळवणार?"

आईनं चहाची बशी त्यांच्यापुढं सरकवली. साहेब चहा अर्धा ठेवून निघून गेले.

पुढं नकार आला. घरचेच लपवतात म्हटल्यावर भरवसा कुणावर ठेवायचा, असं त्याला तोंडी सांगितलं. तो आरडाओरडा करील असं वाटलं होतं.

"कामून बोललीस, आई?" एवढंच म्हणाला.

"तुझ्यासाठीच की रे."

"व्हय," म्हणाला आणि बिदरला कोळारच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका गोदामात कामाला जायला लागला. मला आईचा राग यायला हवा होता. आला नाही. आतून सगळं बधिर झालं होतं.

पौर्णिमेला विहारात वंदनेला गल्ली जमली. पंचशील सुरू झालं. चौथं शील खोटं न बोलण्याचं. तिथं आईचा आवाज बसला, ज्ञानोबाकाका खाली बघायला लागले, हळूहळू सगळेच गप्प झाले. पाचवं, दारूपासून दूर राहण्याचं, अमरदीपनं एकट्यानंच म्हटलं.