टोक नसलेला फोटो

तीन पायऱ्यांची शिडी.

भिंतीवर एकवीस सरकारं, चौकटीत. बाविसावा खिळा रिकामा.

लेकीचे दिवस भरलेले.

सात पक्ष.

पाचची बस.

आता जोडतो. काल मतमोजणी संपली, नऊ वर्षांचं सरकार गडगडलं आणि सात पक्षांनी मिळून नवं जमवलं. संसदेची रीत अशी, की आघाडीच्या नेत्यांचा एकत्र फोटो आधी टांगायचा, मगच शपथ. (मागे एकजण शपथ घेऊन दुसऱ्या दिवशी म्हणाला होता, "मी यांच्यात नव्हतोच." तेव्हापासून.) फोटो काढायचा संसदेच्या फोटोग्राफरने, छापायचा शेजारच्या खोलीत त्याच्या बायकोने. आज दोघांना लेकीकडे पोचायचं होतं. पाचची बस चुकली, तर पुढची परवा. लेकीने सकाळीच बजावलं होतं, "आई, तू आल्याशिवाय मी बाळंत होणार नाही." त्यानंतर दोघांचे फोन, नियमाप्रमाणे, फाटकाशी जमा.

दोन वाजता फोटोग्राफर शिडीवर चढला. सात नेते ओळीत उभे राहिले. म्हणजे पाच राहिले.

"मी टोकाला?" मिशीवाले म्हणाले. "लोक म्हणतील, हा निघायच्या तयारीत!"

"मग मी का टोकाला?" दुसऱ्या टोकाच्या डॉक्टरीणबाई. "तुमचे खासदार चार, माझे अकरा!"

दोघं मध्ये घुसले. साहजिकच दुसरे दोघं टोकाला आले. तेही घुसले. मग तिसरे दोघं. तासभर सरकार नुसतं मधोमध घुसत होतं.

"अहो!" दारातून बायको. "तीन वाजले! काय चाललंय?"

"ओळ आहे गं. ओळीला दोन टोकं असतात. मी काय करू?"

"मग ओळ कशाला हवी? फेर धरायला सांगा की!"

डॉक्टरीणबाईंनी मिशीवाल्यांचा हात धरला.

फेर झाला. फोटोग्राफर मध्ये, गोल फिरणाऱ्या स्टुलावर. क्लिक. पाय मारला, फिरला. क्लिक. कोणीतरी फिसकन हसलं. होऊ घातलेल्या पंतप्रधान, ज्यांना सगळे ताई म्हणत, ओरडल्या, "जोरात!" फेर डावीकडे, स्टूल उजवीकडे, मिशीवाल्यांची चप्पल तिसरीकडे. चौदा क्लिक.

चौदाही फोटो सलग छापून हातभर पट्टी निघाली. बायकोने कात्री उचलली.

"आता कापू कुठे?"

जिथे कापेल तिथे दोन टोकं. दारात सात मुंडकी. "कापू नका!"

तिने पट्टीची टोकं एकमेकांना चिकटवली, चेहरे बाहेर. कडं झालं, दुधाच्या पातेल्याएवढं. बाविसाव्या खिळ्याला पुढे आलेली लाकडी दांडी बांधून तिला ते दोऱ्याने टांगलं. पंख्याच्या वाऱ्यावर सरकार गरगर फिरू लागलं. प्रत्येक पक्ष घटकाभर समोर, घटकाभर भिंतीकडे.

संसदेचे सचिव चष्मा पुसत म्हणाले, "याला टांगलेला म्हणायचं का?"

"टांगलाय ना! घ्या शपथ," बायको म्हणाली, "आम्हाला बस आहे."

फाटकाशी फोन न बघताच खिशात कोंबून दोघं धावली. ती पुढे, तो मागे, बॅग मध्ये. बस हलली होती. कंडक्टरने बॅग ओढली, बॅगेला धरून ती, तिच्या पदराला धरून तो. जागेवर पडल्यावर दोघांना एवढं हसू आलं, की कंडक्टरने दोनदा विचारलं, "कुठे जायचंय?"

"लेकीकडे!" दोघं एकदम म्हणाली.

नात दुपारीच झाली होती, तीन वाजून बारा मिनिटांनी, इकडे फेर चालू असताना.