निशाणी डावा अंगठा

मटणाच्या रश्श्यावरचा लाल कट दिसला की मला शाईचा वास येतो आणि उमासे येतात. त्यात रश्श्याचा काही दोष नाही. दोष माझा.

मी संयोगिता, सांगलीची. सीए व्हायचं म्हणून साताऱ्यात जयराज सरांकडे दोन वर्षांची आर्टिकलशिप धरली. आर्टिकलशिप म्हणजे ऑडिटरच्या हाताखालची उमेदवारी. हातात जे पडतं त्यात खोलीचं भाडंही निघत नाही, पण दोन वर्षं पुरी झाल्याच्या फॉर्मवर सरांची सही नसेल तर शेवटची परीक्षा विसरा. त्यामुळे सर म्हणतील ती पूर्व दिशा.

मागच्या जूनमध्ये औंधच्या बाजूच्या एका पतसंस्थेचं ऑडिट होतं. ऑडिटवाले आले म्हणजे जावई आले, असा आपल्याकडचा रिवाज. पोचल्या पोचल्या विश्वजीतला, म्हणजे माझ्या सीनियरला, टॉवेल-टोपी आणि नारळ मिळाला. मला ब्लाऊजपीस. मग बकरं. दप्तर उघडायच्या आधी पातेलं उघडलं.

"आवं मॅडम, लाजू नगा," मॅनेजर लालासाहेब वाढत म्हणाले. "प्वाट भरल्याबिगर आकडं जुळत न्हाईत."

आकडे जुळले. न जुळून सांगतात कुणाला! राहिलं ते एकच काम. ठेवीदारांना पत्रं पाठवून विचारायचं, की संस्थेच्या वहीत दिसणारी तुमची शिल्लक तुम्हाला मान्य आहे का? पत्र ठेवीदाराच्या घरी जायला हवं आणि उत्तर थेट ऑडिटरकडे यायला हवं. लालासाहेबांनी चाळीस पत्रं आकडे भरून टेबलावरच मांडली होती. बाजूला शाईचा पॅड.

"दरसाल असंच करतोय आपण," विश्वजीत ढेकर देत म्हणाला. "घे, निम्मी तुझी."

शिकलेल्या वाटणाऱ्या नावांखाली त्यानं वळणं बदलून सह्या ठोकल्या. अंगठेवाल्यांची गड्डी माझ्याकडे आली. अंगठेवाले कोण, हे ठरवलं कुणी? आम्हीच, नुसती नावं वाचून. रंगुबाई, अंगठा. मनुबाई, अंगठा. हरणाबाई, पत्ता मेंढरं राखणाऱ्यांच्या वस्तीवरचा, हिला कुठली सही? अंगठा. सगळे ठसे सारखे दिसू नयेत म्हणून मी दहाही बोटं वापरली.

"कमी पडली तर पायाची हायत की!" विश्वजीत म्हणाला, आणि मी हसले. खरंच हसले. हे लिहितानाही स्वतःची किळस येते. पत्रातला शिल्लकेचा रकाना मी एकदाही वाचला नाही. निघताना लालासाहेबांनी रश्श्याचा डबा बांधून दिला. साबणानं दोनदा धुऊनही नखांत शाई राहिली होती. त्याच बोटांनी मी खोलीवर जाऊन तो चाटूनपुसून संपवला.

यंदा माझी दोन वर्षं संपायला सहा दिवस उरले असताना हरणाबाई आमच्या ऑफिसात आल्या. सत्तरीच्या असतील. काखेत प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत घडी घालून जपलेली तीन लाखांच्या ठेवीची पावती. नवरा फौजेत होता, तो गेल्यावर मिळालेले पैसे.

"ताई, संस्थेवाली म्हणत्यात, तुजी ठेव मागंच दिली. आन् ती मिळाली म्हणून मीच ऑडिटरला लिवून दिलंय म्हणं. मी कवा दिलं वो?"

मी फाईल काढली. हरणाबाईंचं पत्र होतं. शिल्लक शून्य, मला मान्य आहे. खाली निशाणी डावा अंगठा. ठशाच्या मधून एक आडवी पांढरी रेघ गेलेली. माझ्या डाव्या हाताच्या मधल्या बोटाला लहानपणी विळी लागली होती, तिचा वण.

हरणाबाईंनी कागद डोळ्यांजवळ धरला.

"ह्यो माजा न्हाई. मी अंगठा लावतच न्हाई कवा. मी सही करती." त्यांनी माझ्या हातातलं पेन घेतलं आणि पिशवीतल्या एका पाकिटावर एकेक अक्षर कोरत नाव लिहिलं. "मालक सुट्टीवर आलं की शिकवायचं. म्हणायचं, उद्या पेन्शन घ्यायची येळ आली तर चारचौघांत अंगठा लावू नगंस."

मी पत्र घेऊन सरांच्या केबिनमध्ये गेले. सगळं सांगितलं. सर चिडले नाहीत, ते चिडले असते तर बरं झालं असतं. काडीनं दात कोरत त्यांनी ऐकून घेतलं आणि काडी निरखत म्हणाले, "म्हातारीचा हात कापत होता, म्हणून अंगठा घेतला, असं लिही. साक्षीदार म्हणून खाली तू सही कर. तारीख मागच्या जूनची." मग माझा फॉर्म पुढ्यात ओढला. "दोन्ही सह्या आजच होऊन जाऊ देत."

त्या माणसाची शिसारी आली. पण त्याहून जास्त माझी आली, कारण मी पेनाचं टोपण काढलं होतं. दोन वर्षं पाण्यात जातील, घरी आबा काय म्हणतील, एवढंच डोक्यात. त्याच पेनानं बाहेर हरणाबाईंनी आपलं नाव लिहिलं होतं. मी टोपण लावलं.

बाहेर येऊन पत्राची झेरॉक्स काढली. शेजारी कोरा कागद घेतला, पॅडवर मधलं बोट दाबून त्यावर ठसा उमटवला आणि खाली लिहिलं, 'हरणाबाईंच्या पत्रावरचा ठसा माझ्या या बोटाचा आहे. तो मीच उमटवला.' पूर्ण नाव, सही, आजची तारीख. केबिनच्या दारात सर उभे होते. ते आत गेले, आणि फॉर्म ड्रॉवरमध्ये टाकून कुलूप लावल्याचा आवाज आला.

"आजी, हे दोन्ही कागद घेऊन सहकार खात्यात जा, पोलिसात जा," मी म्हणाले. "मला बोलावलं तर मी येईन."

हरणाबाईंनी बोट फिरवत माझा कागद अक्षर अक्षर वाचला. बराच वेळ लागला. त्या आशीर्वाद देतील किंवा थोबाडीत मारतील, दोन्हीची माझी तयारी होती. त्यांनी कागदांची घडी करून पिशवीत घातली, माझ्या शाईच्या हाताला लागू नये म्हणून पिशवी पलीकडे सरकवली आणि माझ्याकडं बघितलं.

"येवढी शिकलीस," त्या म्हणाल्या, "आन् अंगठा लावतीस? तुला सही येत न्हाई व्हय गं?"