परदेशाची फीत

सोमाजींनी दाढीच्या ब्लेडनं फौजेतल्या पदकांच्या रिबनपट्टीवरच्या निळ्या फितीचे टाके उसवायला घेतले होते, तेवढ्यात संघप्रिया चहा घेऊन आली.

"बाबा, हे काय करून राह्यले? झेंडावंदनाले लावाल म्हणून नागपूरहून मुद्दाम बनवून आणली मी."

"बाकीच्या राहू दे. हे निळी नको."

बाकीच्या फिती सरहद्दीवरच्या नोकरीच्या. निळी तेवढी परदेशातल्या सेवेची, आफ्रिकेत शांतिसैनिक म्हणून काढलेल्या एका वर्षाची. सिंदेवाहीच्या शाळेत संघप्रिया त्या वर्षाच्याच जोरावर मिरवायची. आता ती भामरागडला नर्स होती. वडील चार दिवसांसाठी म्हणून आले आणि पुरानं रस्ता तुटल्यामुळे अडकून पडले.

"काऊन नको, बाबा?"

सोमाजींनी ब्लेड खाली ठेवलं. दाराबाहेर नदीवरून धुकं चढत होतं. पाणी कुठं संपतं नि आभाळ कुठं सुरू होतं, कळत नव्हतं.

"तिथी आफ्रिकेतही असंच धुकं होतं. नदीच्या पल्याड एक बाई उभी होती. पोटुशी. हाका मारून राह्यली होती. मी पहाऱ्यावर. म्हटलं, धुकं उतरू दे, मंग साहेबाले सांगू." त्यांनी निळ्या फितीवरून अंगठा फिरवला. "उतरलं, त तिथी कोणीच नाई."

"मंग?"

"मंग काई नाई. साल भरलं, फीत भेटली."

तेवढ्यात फोन वाजला. नदीपलीकडच्या गावातल्या बुधरीला कळा सुरू झाल्या होत्या. घरच्यांनी तिला बाजेवर घालून काठापर्यंत आणलं होतं. संघप्रिया पिशवी घेऊन निघाली. मागून वडिलांच्या चपलांचा आवाज येत राहिला.

घाटावर चैतू नावाडी डोंग्याजवळ उभा होता.

"ताई, काईच दिसत नाई. जरा थांबू."

"पाणी उतरलं ना?" सोमाजींनी विचारलं. ते डोंग्यात बसलेसुद्धा होते.

"उतरलं, भाऊ."

"मंग चाल."

डोंगा धुक्यात शिरला आणि मागचा काठ पुसला गेला. वल्ह्याचा तेवढा आवाज. मधूनच एखादं झाड बुंध्याशिवाय अधांतरी तरंगत दिसे नि विरून जाई. वडील समोर टक लावून बसले होते. आपण नेमक्या कोणत्या नदीत आहोत, असा प्रश्न क्षणभर संघप्रियाला पडला.

एक बारीक हाक आली. कुठून, ते समजेना. चैतूनं वल्हं रोखलं.

सोमाजी उठून उभे राहिले. डोंगा कलला, संघप्रियानं त्यांच्या सदऱ्याचं टोक घट्ट धरलं. त्यांनी दोन्ही हात तोंडाशी नेले.

"आलो वो माय! आलो!"

इतका मोठा आवाज तिनं त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

धुकं गप्प राहिलं. मग डावीकडून, अगदी जवळून, गोंडीत उत्तर आलं. सोमाजींना त्यातलं एक अक्षर कळलं नसावं. ते खाली बसले आणि चैतूची वाट न पाहता दोन्ही हातांनी पाणी मागं सारू लागले.