ज्या विहिरीचे त्या विहिरीत

मित्रांनो, पोहरा म्हणजे विहिरीतून पाणी काढायचे लहान भांडे. मी तसाच एक जुना पितळी पोहरा आहे. वय चाळीस. इतर पोहऱ्यांना फक्त वर कडी असते, मला बुडालाही एक आहे.

बेळगावातल्या एका तांबटाने मला घडवले. चंपाबाईंच्या लग्नात त्यांच्या वडिलांनी मला रुखवतात ठेवले. जैनांच्या घरी पाणी दुहेरी फडक्यातून गाळून घेतात. फडक्यावर डोळ्यांना न दिसणारे जीव राहतात, असे ती माणसे मानतात. ते फडके गाळलेल्या पाण्याने माझ्यात विसळायचे आणि मला पुन्हा विहिरीत सोडायचे. पाण्याला टेकलो की बुडाच्या कडीची दोरी ओढायची. मी हळूच कलंडतो आणि जीव न आपटता पाण्यात जातात. सासरी पहिली चार वर्षे चंपाबाईंनी मला रोज असेच सोडले.

मग त्यांचे पती बाळगोंडा निपाणीत तंबाखूच्या वखारीत दिवाणजी झाले. तिथे पाणक्या कावडीने पाणी आणून टाकी. हंडे, घागरी, घंगाळे काठोकाठ भरलेली असत. पाणी कोणत्या विहिरीचे, हे कोणी विचारीत नसे. चंपाबाई गाळून घेत, पण फडके विसळून सोडायला दारात विहीरच नव्हती. मी बावीस वर्षे माळ्यावर पडून होतो. माझ्यात कोणीतरी खिळे ठेवले होते.

तंबाखूच्या धुळीने बाळगोंडांची छाती धरली. वैद्यांनी वखार सोडायला सांगितली. ते घरी बसले आणि पुढे काय करायचे, हे त्यांना सुचेना. चंपाबाईंना सुचले. निपाणीपासून दोन कोसांवर त्यांचा लहानसा मळा होता. तिथे दोन खोल्या होत्या आणि एक विहीर.

"दोघांना लागतंय किती?" त्या म्हणाल्या.

निपाणीचे घर मुलाला, शांतिनाथला दिले. भांडी वाटून टाकली. एका बैलगाडीत मावेल तेवढेच बरोबर घेतले. खिळे ओतून चंपाबाईंनी मला चिंचेने घासले.

मळ्यात त्या स्वतः पाणी काढीत. जेवढे काढायचे तेवढे गाळावे लागे आणि फडक्यावरचे परत सोडावे लागे. त्यामुळे उगाच कोणी घागर भरीत नसे. आंघोळीचे पाणी अळूला जाई, भांड्यांचे केळीला. चूल तुरीच्या काड्यांवर पेटे. बाळगोंडा वांगी लावायला शिकले, भाकरी थापायलाही शिकले. पाण्याकडे मात्र ते कधी आले नाहीत. ते चंपाबाईंचे काम होते.

नऊ वर्षांनी, थंडीत, चार दिवसांच्या तापाने चंपाबाई गेल्या.

सुतक फिटल्यावर बाळगोंडा मला घेऊन विहिरीवर आले. त्यांनी दोघांचे पाणी काढले. दोघांचे गाळले. संध्याकाळी अर्धे तसेच राहिले होते. असे पाच-सहा दिवस झाले. मग एका सकाळी त्यांनी मला तीनदाच सोडले.

शांतिनाथ न्यायला आला. वडिलांनी निपाणीत आपल्याजवळ राहावे, असे त्याचे म्हणणे होते. बाळगोंडांना मळा सोडायचा नव्हता. शेवटी ठरले की अक्षय तृतीयेपर्यंत पाहायचे. एकट्याला जमले तर राहायचे, नाही तर गाडीत बसायचे.

चैत्रात आमच्या विहिरीत गुडघाभर गढूळ पाणी उरले. पिण्याचे पाणी शेजारच्या परशरामच्या विहिरीवरून आणावे लागले. बाळगोंडा घागर घरी आणून गाळीत आणि फडके माझ्यात विसळून मला आमच्या विहिरीत सोडीत. अगदी हळू, कडी ओढून. असे पंधरा दिवस चालले.

अक्षय तृतीयेला शांतिनाथ आला, तेव्हा बाळगोंडा मला विहिरीत सोडत होते. परशराम बांधावर उभा होता.

"अण्णा," तो हसत म्हणाला, "माझ्या हिरीतलं पाव्हणं रोज तुमच्या हिरीत न्हेऊन घालताय. परत कधी धाडणार?"

बाळगोंडांना उमगेना.

"वैनी उन्हाळ्यात आमच्याच काठावर गाळायच्या की. ज्या हिरीचं त्या हिरीत, म्हणायच्या. दुसऱ्या पाण्यात जगत न्हाईत म्हणं."

बाळगोंडांच्या हातातली दोरी सैल झाली. पंधरा दिवस ते जीवांना जपून जपून मारत होते. मला ते दिसत होते, पण भांड्याला सांगता येत नाही. परशरामचे हसू ओसरले. तो बैलांकडे निघून गेला.

"झालं न्हवं, आप्पा?" शांतिनाथ म्हणाला. "आईला जमायचं ते. तुम्हाला न्हाय जमायचं. चला आता."

मला वाटले, आता मीही परत माळ्यावर.

बाळगोंडांनी मला वर ओढून काठावर ठेवले.

"चुकलं," ते म्हणाले. "पंधरा दिस चुकत गेलं. पर हितं चुकलं तर सांगायला माणूस हाय. निपाणीत पाणी कुठलं आणि त्यातलं जीव कुठं जातंय, बावीस वर्सं मला ठावंच न्हवतं. आता कुठं कळाया लागलंय, तर उठवून कुठं न्हेतोस?"

बाळगोंडांनी फडके खांद्यावर टाकले, घागर आणि मला उचलले आणि ते परशरामच्या विहिरीकडे निघाले. थोड्या वेळाने मागून शांतिनाथ आला. त्याने वडिलांच्या हातातली घागर घेतली आणि तो काठावर फडके ताणून धरून उभा राहिला. संध्याकाळी गाडी निपाणीला परत गेली. तीत तो एकटाच होता.

याला आता चार वर्षे होत आली. यंदा ऑगस्टात निपाणीत स्वातंत्र्याचा झेंडा लागला, पेढे वाटले, असे परशराम सांगत होता. त्या दिवशीही बाळगोंडांनी तीनच पोहरे पाणी काढले.

मित्रांनो, मी भांडे आहे, मला धर्मातले फारसे कळत नाही. पण आपण वापरतो ते कुठून येते आणि उरलेले कुठे जाते, हे एकदा स्वतः पायी जाऊन पाहा. आणि एखादा म्हातारा उशिरा शिकत असेल, चुकत असेल, तर त्याला काठावरून उठवू नका. कुठे ओतायचे, तेवढे सांगा आणि फडक्याचे दुसरे टोक धरा.