बेकरीवालीचा निकाल

आम्ही तिघी म्हाताऱ्या दुपारी दार लावून इंग्रजी पिक्चर बघतो, असं कॉलनीत म्हटलं जायचं, आणि म्हणणारे हसायचे. हसू देत. एक तर आम्ही म्हाताऱ्या नव्हतो. मी सत्तेचाळीसची, आशा माझ्याहून लहान, आणि सुमनबाईंनी नुकती पन्नाशी ओलांडलेली. दार लावायचो ते उन्हासाठी, कारण काळं-पांढरं पिक्चर उजेडात दिसत नाही. आणि आमची पिक्चरं हसण्यासारखी नव्हती. त्यातले पुरुष घरात आले की आधी डोक्यावरची हॅट काढायचे. आमच्या कॉलनीतले पुरुष घरात आले की आधी चपला भिरकावतात आणि मग चहा मागतात. एवढा फरक नुसता बघायला मिळाला तरी दुपार सार्थकी लागायची.

सुमनबाईंची पिठाची गिरणी नाशिकरोडला, आमच्या बुद्धविहाराच्या मागच्या गल्लीत. पुढे गिरणी, मागे एक खोली, खोलीत टीव्ही. वरच्या मजल्यावर मुलगा किशोर आणि सून पल्लवी. नवरा गेला तेव्हा किशोर सातवीत होता. सुमनबाईंनी एकटीने गिरणी चालवली, त्याला आयटीआय करवलं, अंबडच्या कंपनीत चिकटवलं, लग्न लावून दिलं. मी शेजारची, बालवाडीची बाई, दुपारी मोकळी. आशा ब्लाउज शिवायची आणि हातशिलाई घेऊन तिथेच येऊन बसायची.

इंग्रजी दहावीपुरतं मलाच येत होतं, म्हणून अर्थ सांगायचं काम माझ्याकडे. पण सुमनबाई माझ्या अर्थाला कवडीची किंमत द्यायच्या नाहीत. तोंड काहीही बोलतं, तू तिचे हात बघ, असं त्यांचं म्हणणं. मी सांगायची की तिने त्याला जायला सांगितलं. त्या म्हणायच्या, थांबायला सांगितलं. आणि थोड्या वेळाने तो गडी थांबलेला दिसायचा. याचा मला फार राग यायचा, कारण शिकलेली मी होते.

नटनट्यांना आम्ही आमची नावं ठेवली होती. एक होती भुवई. ती एक भुवई वर करायची आणि समोरच्याची बोबडी वळायची. एक खळीवाला, एक रडका मेजर. आज भुवईचं आहे म्हटलं की आशा हातातलं गिऱ्हाईक टाकून यायची.

ही गोष्ट दोन हजार पाच सालची, म्हणजे लोडशेडिंगची. आमच्या गच्चीवरून एकलहऱ्याची धुराडी दिसतात. वीज तिथे तयार व्हायची आणि आमच्या डोक्यावरून कुठे कुठे जायची, आम्हाला मात्र दुपारी अंधार. पिक्चर ऐन रंगात आलं की लाईट जायची. केबलवाल्याकडे जनरेटर होता, म्हणजे पिक्चर तारेतून दारापर्यंत येत होतं, फक्त आमच्या टीव्हीत जीव नव्हता. सांगा, संताप येणार नाही तर काय.

मग आम्ही गिरणीत येऊन बसायचो. जातं बंद, दळणाचे डबे रांगेत, आणि आम्ही तिघी शेवट ठरवायचो. तासतास भांडण चालायचं. पुढे एखाद्या आठवड्यात लोडशेडिंगचं वेळापत्रक बदललं आणि तेच पिक्चर पुन्हा लागलं, तर खरा शेवट दिसायचा. पण खरा शेवट दिसला म्हणून आम्ही तो मान्य करायचो असं नाही. त्याचा निकाल लागायचा. तिघींनी आपापलं मत द्यायचं, पास की नापास. नापास झालेला शेवट आमच्यात धरला जायचा नाही, आम्ही ठरवलेलाच खरा. भुवईला एका पिक्चरमध्ये शेवटी फासावर चढवलं होतं. आमच्या हिशेबी ती अजून जिवंत आहे.

किशोर कधी आमच्यात बसला नाही. त्याला ही सगळी रिकामटेकड्या बायकांची बडबड वाटायची. बसला असता तर पुढे जी चूक त्याने केली ती केली नसती.

त्या उन्हाळ्यात देवराम गिरणीत यायला लागले. एसटीतून रिटायर झालेले ड्रायव्हर, मूळचे चांदवडकडचे, बायको वारलेली, दोन्ही मुली सासरी. आमच्याच समाजाचे. दोन किलो बाजरी घेऊन यायचे आणि लाईट येईपर्यंत बसून राहायचे. दुसरं कुणी असतं तर डबा ठेवून गेलं असतं. सुमनबाई आधी त्यांना देवरामभाऊ म्हणायच्या. मग एक दिवस त्यातला भाऊ गळाला, आणि मी आशाला कोपराने ढोसलं.

एका दुपारी त्यांनी सरळ विचारलं. आपण दोघं एकत्र राहू, रीतसर विहारात लग्न करू. सुमनबाईंनी थांबा म्हटलं आणि रात्री जेवताना किशोरला सांगितलं. किशोरने ताट बाजूला सारलं. तुला इथे काय कमी आहे, लोक काय म्हणतील, कंपनीत मी तोंड कसं दाखवू. जातीचा प्रश्न नव्हता, पैशाचा नव्हता, देवरामना ना दारूचं व्यसन ना कशाचं. म्हणून त्याच्याकडे फक्त लोक उरले होते, आणि त्यांना तो रोज घरात आणत होता. शेवटी त्याने सांगून टाकलं की हे झालं तर मी तुझ्याशी जन्मात बोलणार नाही.

सुमनबाई लोकांना भीत नव्हत्या. अकरा-बारा वर्षं एकट्या बाईने गिरणी चालवली, त्यात लोकांनी म्हणायचं काही शिल्लक ठेवलं नव्हतं. त्या किशोरच्या न बोलण्याला भीत होत्या. हे त्यांनी मला जात्यावरचं पीठ झाडता झाडता सांगितलं, आणि मला किशोरच्या कानाखाली एक द्यावीशी वाटली. अजूनही वाटते.

त्याच दिवसांत ते बेकरीचं पिक्चर लागलं. बर्फ पडणारं एक लहान गाव. भुवई त्यात विधवा, नवरा लढाईत गेलेला, स्वतः पाव भाजून पोट भरते. मुलगा बँकेत, कडक कॉलरवाला. गावच्या मनोऱ्यावरचं घड्याळ बंद पडलेलं असतं, ते दुरुस्त करायला खळीवाला येतो. रोज पाव घेतो, एकट्या माणसाला खाऊन संपणार नाहीत एवढे. आशा म्हणाली, हे कुठेतरी बघितल्यासारखं वाटतंय. सुमनबाईंचे कान लाल झाले. मग एक दिवस खळीवाला आपली हॅट काउंटरवर ठेवतो आणि तिला विचारतो. भुवई पिठाचे हात ॲप्रनला पुसते, तोंड उघडते, आणि लाईट गेली.

त्या दिवशी गिरणीत आम्ही जेवढं भांडलो तेवढं कधी भांडलो नव्हतो. मी म्हटलं, ती हो म्हणणार. आशाला प्रत्येक पिक्चरमध्ये टीबी हवा असतो, तिच्या मते भुवई नाही म्हणून खोकत खोकत मरणार. सुमनबाई पहिल्यांदाच कुणाच्या बाजूने बोलल्या नाहीत. त्या एवढंच म्हणाल्या की मला ती काय म्हणते ते बघायचंच आहे.

पंधरा दिवसांनी ते पुन्हा लागलं आणि पुन्हा हॅट काउंटरवर आली तशी लाईट गेली. वीजवाल्यांचं त्या बाईशी काय वैर होतं कुणास ठाऊक. सुमनबाईंनी रिमोट गादीवर आपटला. तेवढ्यात किशोर जिन्यावरून उतरत होता. त्याने काय झालं ते विचारलं, आशाने भाबडेपणाने सगळी गोष्ट सांगितली, विधवा, मुलगा, खळीवाला. किशोरने पिक्चरचं नाव मला दोनदा विचारून घेतलं. मला वाटलं, पोराला आईची दया आली.

आठवड्याभराने तो मित्राकडून इन्व्हर्टर घेऊन आला. शनिवारी त्याला सुट्टी होती आणि त्याच दुपारी पिक्चर होतं. त्याने स्वतः वायर जोडली, आम्हा दोघींना घरी येऊन बोलावणं केलं, पल्लवीला चहा टाकायला सांगितला. मालनमावशी, तुम्ही पुढे बसा, म्हणाला. हा मुलगा विनाकारण कुणाला पुढे बसवणारा नाही. तेव्हाच मला शंका यायला हवी होती, पण मी चहा घेतला आणि पुढे बसले.

ठरल्या वेळी पंखा थांबला, गल्लीतले सगळे आवाज बंद झाले, आणि आमचा टीव्ही चालू राहिला. खळीवाल्याने हॅट काउंटरवर ठेवली. भुवईने हात पुसले. तोंड उघडलं. आणि ती नाही म्हणाली. मुलाचं नाव घेतलं, गावाचं नाव घेतलं. हॅट उचलली, तिच्यावरचं पीठ झटकलं, आणि त्याच्या हातात दिली. तो बर्फातून चालत गेला. वर मनोऱ्यात त्याने दुरुस्त केलेलं घड्याळ वाजलं. कॉलरवाला मुलगा आला, त्याने आईच्या खांद्यावर हात ठेवला, ती पुन्हा कणीक मळायला लागली. व्हायोलिनं वाजली आणि संपलं.

आशा हुंदके देत होती. पल्लवी दाराशी कपबशा घेऊन उभी होती. किशोर मात्र खुशीत होता. तो म्हणाला, बघितलंस आई, ते तर गोरे लोक, त्यांच्यात सगळं मोकळं, तरी त्या बाईने मुलाचा विचार केला. हे त्याने इतक्या झटकन म्हटलं की माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

“तुला शेवट माहीत होता,” मी म्हटलं. “म्हणून नाव विचारलंस.”

“सायबर कॅफेत नेटवर वाचला,” किशोर म्हणाला. “त्यात काय? आईलाच बघायचा होता ना?”

सुमनबाईंनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्या आशाकडे वळल्या आणि नेहमीच्या आवाजात निकाल विचारला. आशाने पदराने नाक पुसलं. रडू फार आलं, म्हणाली, पण नापास. मी तर पेटलेच होते. मी म्हटलं, घड्याळ दुरुस्त करून घेतलं आणि माणूस परत पाठवला, नापास. किशोर आमच्या तोंडांकडे बघत राहिला. पिक्चर संपलंय, ती नाही म्हणाली, आता नापास कसलं, असं तो विचारत होता. दाराशी उभी असलेली पल्लवी हळूच म्हणाली की मलाही नाही पटलं. लग्न होऊन दोन वर्षं झाली होती, पण नवऱ्याच्या देखत तिचं मत मी पहिल्यांदाच ऐकलं.

“हात बघितले का तिचे?” सुमनबाई किशोरला म्हणाल्या. “हॅट सुटत नव्हती तिच्या हातातून. तोंडानं नाय म्हणाली. मनात नव्हतं तिच्या.”

“आई, पिक्चर आहे ते.”

“मग मला कशाला दाखवलंस?”

किशोरने इन्व्हर्टरची वायर उगाच चाचपली आणि आपलं नेहमीचं हत्यार काढलं. लोक काय म्हणतील?

“काय म्हणतील? सुमननं लगीन केलं म्हणतील. खरं तेच म्हणतील ना?”

मला आणि आशाला ठाऊक होतं की लोक ही खरी अडचण नाही, खरी अजून यायची आहे. ती आली. किशोर उठला, त्याचा आवाज बारीक झाला होता, सातवीतल्या पोरासारखा. मी बोलणार नाही तुझ्याशी, म्हणाला. कायमचा. तू ठरव.

सुमनबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी ते लपवलं नाही, पुसलंही नाही. मला वाटलं, आता संपलं. आता या पण कणीक मळायला बसणार.

“तू बोलला नाहीस तर मला रडू येईल,” त्या म्हणाल्या. “लय येईल. रोज रडीन मी. पण लगीन करून, माझ्या नवऱ्याच्या घरात बसून रडीन.”

मग त्यांनी फोन मांडीवर ओढला आणि आमच्या सगळ्यांच्या देखत नंबर लावला. किशोर जिन्याच्या पहिल्या पायरीवर होता, तो तिथेच थांबला. पलीकडे फोन उचलला गेला.

“देवराम,” सुमनबाई म्हणाल्या, “उद्या विहारात जाऊन तारीख धरा. मी घरात सांगितलंय.”